डोकं नदीकडे

३ फेब्रुवारी

पहाटे झोपेत गर्डर चालवत होते. चाळीस मीटर लांब लोखंड, आणि रस्त्याच्या जागी आत्याचं घर. स्वयंपाकघरातून शिरला, पाण्याच्या पिंपाला वळसा घातला, कपाटाला न घासता सरकला आणि दारातून बाहेर पडला. आत्या खुर्चीत बसली होती. तिनं फक्त पाय वर घेतले, केर काढताना घेते तसे. जाग आली तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की उठूच नये.

उठावं लागलं, कारण साहेबांनी बोलावलं होतं. पुलाचे शेवटचे चार गर्डर कारखान्यातून नदीपर्यंत आणायचे आणि उचलून बसवायचे, हे सगळं आता माझ्याकडे. आजवर मी दुसऱ्यांचे आराखडे घेऊन सह्या गोळा करत फिरले. आता माझा आराखडा घेऊन दुसरं कुणीतरी फिरेल. साहेब म्हणाले, "तराफ्यावरची क्रेन महिनाअखेरपर्यंतच आपली आहे. मग ती दुसऱ्या कामावर जाते, आणि पाणीही उतरतं. हुकलं तर पूल पुढच्या वर्षावर गेला समजा." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

एक गोष्ट लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा पुन्हा घोकायला नको. आमच्या गर्डरला डोकं असतं आणि शेपूट असतं. नदीतल्या खांबावर टेकतं ते टोक जाड, काठावर टेकतं ते निमुळतं. डोकं नदीकडे, शेपूट गावाकडे. उलटं आलं तर काठावरच्या यार्डात ते फिरवता येत नाही, एका अंगाला गोदामाची भिंत आणि दुसऱ्या अंगाला उतार. म्हणून कारखान्यात डोक्याला लाल पट्टा मारतात. लहानपणी मी चपला उलट्या घालायचे, तेव्हा आत्यानं उजव्या चपलेला लाल दोरा बांधला होता. अजूनही लाल दिसलं की माझा उजवा पाय आपोआप पुढे होतो.

६ फेब्रुवारी

आज आत्याची गल्ली मोजली. कारखान्याकडचा मोठा रस्ता, मग बाजार, मग आत्याच्या घरापाशी वळण, आणि तिथून नाकासमोर नदी. ट्रेलर तोंडानंच यार्डात शिरतो. सरळ रस्ता आहे, फक्त ते वळण सोडून. लांब ओझं वळताना शेपूट बाहेर फेकतं, आणि आत्याची पहिल्या मजल्यावरची गॅलरी रस्त्यावर चार फूट पुढे आलेली आहे.

आत्या वरून बघत होती. "काय गं, गल्ली विकत घेतेस की काय?"

"परवडली तर घेईन."

"घे. पण मला इथून उठवू नकोस म्हणजे झालं."

सगळी गल्ली हसली. मी वहीतल्या आकड्याकडे बघत होते. दीड फूट. गॅलरीचा दीड फूट कापल्याशिवाय गर्डर वळत नाही.

माझ्याबरोबरचा मोजणीदार खालच्या शिंप्याच्या दुकानात पाणी प्यायला गेला, तो तिथेच गप्पा छाटत बसला. दोघं मान वर करकरून गॅलरीकडे बघत होते. कामचुकार मेला.

९ फेब्रुवारी

विचारायला गेले आणि चहा पिऊन आले.

आई गेल्यावर आत्यानंच मला वाढवलं. नोकरी होती नदीवरच्या होडीच्या तिकीटखिडकीत. "एक का दोन?" हे तिचं आयुष्यभराचं वाक्य. आता गुडघ्यांनी असहकार पुकारलाय, दोन वर्षांत ती जिना उतरलेली नाही. तिचं बाहेरचं जग म्हणजे ती गॅलरी. एक खुर्ची, सात-आठ कुंड्या, आणि दोरीला बांधलेली टोपली. टोपली खाली जाते, शिंपी त्यात भाजी, औषधं आणि गल्लीच्या बातम्या घालतो, टोपली वर येते. त्या खुर्चीत बसून आत्या कोण कुठे चाललंय, कुणाचं कुणाशी बिनसलंय, कुणाला नवं काम लागलंय ते सगळं बघते. त्यातला दीड फूट मागायचा कसा? कापायला लोखंडी पाती आणि एक सकाळ पुरेल, पण तोंड उघडायला मला जमत नाही.

"तुझा तो लोखंडी हत्ती कधी येतोय?" तिनं विचारलं.

"अजून ठरतंय."

"आधी सांग हो. मला आवरायला वेळ लागतो."

बाहेर जायचं नाही, कुणी यायचं नाही, मग आवरायचं काय, असं मनात आलं. म्हातारपणी माणसं कशाचीही तयारी करत राहतात. मी कप धुऊन ठेवला आणि निघाले.

१२ फेब्रुवारी

सापडला! दुसरा रस्ता सापडला!

स्टेशनवरून जायचं. गावाला बाहेरून वळसा, मग नदीकाठचा रस्ता. लांबचा आहे, पण रुंद आहे, आणि आत्याची गल्ली पुरती टळते. एकच कटकट. नदीकाठचा रस्ता यार्डाच्या फाटकाला इतका तिरपा भिडतो की तोंडानं आत शिरता येत नाही. फाटक ओलांडून पुढे जायचं आणि मागे मागे आत यायचं.

ट्रेलरच्या ड्रायव्हरला सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांना नकाशा दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. "काखेत कळसा नि गावाला वळसा," म्हणाले.

"मागे घ्यायला जमेल ना?"

"मागे घेणं माझं काम. बाकीचा विचार तुमचा, बाई. नीट करा."

नीटच केला. दुपारभर कागदी ट्रेलर नकाशावर मागे घेत बसले. एकेका चाकाची रेषा काढली. शेवटी डोळे मिटले तरी चाकं वळत होती, कापसातून गेल्यासारखी, आवाज न करता. आत्याची गॅलरी वाचली. आज जेवण चांगलं गेलं.

१३ फेब्रुवारी

साहेबांची सही झाली. ते म्हणाले, "जुना रस्ता काय वाईट होता?" मी म्हटलं, लोकांना त्रास कमी. खोटं तर नाही. आत्या लोकांतच मोडते.

१७ फेब्रुवारी

आत्याकडे गेले आणि जिवाला घोर लागला. गॅलरीतल्या कुंड्या नाहीत. सगळ्या खाली शिंप्याच्या दुकानासमोर ओळीनं मांडल्यात. खुर्ची आत, दाराशी. कपडे वाळवायची दोरीसुद्धा आतल्या खोलीत बांधलीय.

"हे काय गं? कुंड्या का दिल्यास?"

"पाणी घालायचा कंटाळा येतो."

"आणि खुर्ची?"

"आतच बरं वाटतं आता."

कंटाळा, आणि आत्याला! मी गॅलरीत उभी राहिले. मोकळी गॅलरी फार मोठी वाटत होती. भिंतीपासून थोड्या अंतरावर फरशीवर खडूची एक आडवी रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिंप्याच्या घरची पोरं वर खेळायला येतात, त्यांचे उद्योग असणार. आत्याला हल्ली फडकं मारणंही होत नाही, हे बघून मला भरून आलं.

माणूस असं एकेक करून आत येत जातं का? आधी जिना सुटतो, मग गॅलरी. मी तिची गॅलरी वाचवायला गावाला वळसा घालतेय आणि तिला तीच नकोशी झालीय. तरीही कापणार नाही. रिकामी का होईना, तिची आहे.

निघताना ती म्हणाली, "परवा ना?"

"हो, परवा सकाळी."

"उन्हाच्या आत?"

"उजाडता उजाडता."

कुठून येणार ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. उगाच कशाला गॅलरीचा विषय काढायचा.

१८ फेब्रुवारी

कारखान्यात गर्डर चढवला. चढवणाऱ्यानं विचारलं, "डोकं कुठे, बाई?" मी पहिल्या आराखड्याचा कागद पुढे केला, त्यावर होतंच. डोकं पुढे. लाल पट्टा मामांच्या पाठीशी आला. साखळ्या आवळल्या, ठाकठोक झाली. छान दिसत होता. हात लावून बघितला तर उन्हानं ऊबदार झाला होता, मोठ्या जनावराच्या पाठीसारखा.

१९ फेब्रुवारी

क्रमानंच लिहिते.

सकाळ फार सुंदर होती. तेच आठवून जास्त वाईट वाटतंय. उजाडत होतं, रस्ते मोकळे होते, आणि गर्डर माणसाच्या चालीनं चालला होता. मी शेपटाशी चालत होते. स्टेशनपाशी लोक खिडक्यांत उभे होते, कुणी दात घासत, कुणी केस विंचरत, आणि कुणीही बोलत नव्हतं. एवढी मोठी वस्तू इतकी हळू जाते तेव्हा आपणच तरंगतोय असं वाटतं, घरं मागे सरकतात आणि ती जागची हलत नाही. मला वाटलं, हेच ते स्वप्न, फक्त आज पायात बूट आहेत.

नदीकाठ आला. मामा फाटक ओलांडून पुढे गेले, थांबले आणि मागे घ्यायला लागले. माझ्या आराखड्यातल्या रेषेवरून चाक बोटभरही ढळलं नाही. गर्डर आत शिरला, थांबला. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांसमोर वाजवल्या.

क्रेनवाला केबिनमधून खाली वाकला. "बाई, लाल पट्टा रस्त्याकडे कसा?"

नदीकडे शेपूट होतं.

मागे घेतलं की पुढचं टोक मागे राहणार, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. रस्ता बदलला तेव्हा चढवतानाच डोकं मागे ठेवायला हवं होतं. मी चाकं बघितली, कोन बघितले, फाटकाचे खांब बघितले. डोकं कुठे आहे ते तेवढं बघितलं नाही, ना गर्डरचं, ना माझं. मामा खाली उतरून चाकांना दगड लावायला लागले. बोलले असते तर बरं झालं असतं.

परतताना गल्लीवरून आले. शिंप्यानं हाक मारली. "आला नाही हो हत्ती? आत्याबाई पहाटेपासून दारात बसून होत्या. ठेवणीतलं नेसून."

मी वर गेले नाही.

२० फेब्रुवारी

साहेब ओरडले नाहीत, फक्त चष्मा पुसत बसले. कारखान्यात परत नेऊन उलटा चढवायचा तर परवानग्या, क्रेन, सगळं पहिल्यापासून. महिनाअखेर हातची जाते. मग मामांनी नकाशावर बोट फिरवलं. आत्ता आहे तसा, डोकं पुढे ठेवून, बाहेर काढायचा, गावाला वळसा घालून जुन्या रस्त्यानं आणायचा. तिथून तो तोंडानं शिरेल आणि डोकं नदीकडे येईल. बाजार, आत्याचं वळण, यार्ड.

"मधे फक्त दीड फूट आहे," साहेब म्हणाले. "घरमालकाशी बोलायला कोण जाईल?"

घर आत्याचंच आहे. मी गेले. जिन्यावर दोनदा थांबले. मनाशी जुळवाजुळव चालली होती, नवी गॅलरी बांधून देऊ, आधीपेक्षा चांगली देऊ, थोडे दिवस माझ्याकडे राहा.

"आत्या, एक विचारायचंय."

"विचार. पण आधी हे सांग, काल तो गेला कुठून? मी डोळ्यांत प्राण आणून बसले होते."

"स्टेशनवरून."

"का?"

"इथून आणला असता तर तुझी गॅलरी कापावी लागली असती. दीड फूट."

"मग?"

"मग काय मग? तुझं बसणं-उठणं तिथे, म्हणून..."

"मला विचारलंस?"

मी खिशातली फीत चाचपत राहिले.

"इतकी वर्षं मी तिकिटं फाडली," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला की बारीक होतो. "ज्याला जायचंय त्याला विचारायचं, एक का दोन. तू जाऊ नकोस, पाण्याचा त्रास होईल, असं मी कुणाला सांगितलं नाही. माझी पोर पूल बांधते. गल्लीतल्या दहा जणांनी जाऊन बघितला, मला जिना उतरवत नाही. म्हटलं, आपल्याला जाता येत नाही तर तो दारावरून येतोय. आणि तू त्याला स्टेशन दाखवून आणलंस!"

"पण तूच म्हणालीस, मला इथून उठवू नकोस."

"थट्टा होती ती! मग कुंड्या कशाला खाली दिल्या? खुर्ची कशाला आत घेतली? रेघ दिसली नाही तुला?"

"ती पोरांची..."

"शिंप्यानं आखलीय. तुझा तो मोजणीवाला माणूस त्याला म्हणाला, गॅलरी कापावी लागणार. किती, ते बाईच ठरवणार. आणि बाई तर काही बोलेनात. म्हटलं, कमी पडायला नको."

मी गॅलरीत गेले आणि खिशातली फीत लावली. रेघ भिंतीपासून फूटभर अंतरावर होती. चार फुटांतले तीन फूट तिनं काढून ठेवले होते. फूटभर जागेत खुर्चीसुद्धा मावत नाही. मी तिथेच रेघेवर बसले आणि रडले, अगदी मोठ्यानं, लहान पोरीसारखी. खाली शिवणयंत्र थांबलं.

"आता काय झालं?"

"दीडच फूट लागतो गं. आणि गर्डर उलटा आलाय."

उलटा म्हणजे काय ते सांगितलं. आधी आत्याचे खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "लाल दोरा बांधला नव्हता का कुणी?"

"बांधला होता."

"तरी?"

"तरी."

२२ फेब्रुवारी

गॅलरी कापली. खालून टेकू दिले, मग कठडा काढला, मग पातं लावलं. धूळ फार झाली. आत्या आतल्या खोलीतून सूचना देत होती, "सरळ कापा रे, शिंप्यासमोर लाज जायला नको." कडेला तात्पुरते पाइप लावलेत. तिचं फडकं घेऊन मी फरशी पुसली. खडूच्या रेघेपाशी फडकं थांबलं आणि ती तशीच राहिली.

२३ फेब्रुवारी

आज आला.

बाजारातून येताना मी पुन्हा शेपटाशी होते. वळणाआधी मी आत्याला दाराच्या आत बसवून आले होते, समोर आडवा दांडा, आणि बजावलं होतं की हात बाहेर काढायचा नाही, कुणाचाच नाही, हा माझाच नियम आहे. मामांनी चाक वळवलं. मागची चाकं वळवणारा माणूस माझ्याशेजारी चालत होता. शेपूट बाहेर फेकलं गेलं, हळू, झोपेत कूस बदलावी तसं, आणि गॅलरीच्या कापलेल्या कडेशेजारून सरकायला लागलं. मधे माझी वीत मावेल एवढी फट. गर्डरचा माथा आत्याच्या गुडघ्यांच्या उंचीला होता. खालून तिचा चेहरा दिसत होता. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं, तोंड किंचित उघडं, तिकीटखिडकीबाहेर होडी लागली की असायचं असेल तसं.

"अगं," ती वरून म्हणाली, "थांबव की जरा."

आराखड्यात तिथे थांबा नाही. मी वायरलेस तोंडाशी धरला. "मामा, थांबा."

"लागला का कुठे?"

"नाही. आत्या आहे."

"बरं," मामा म्हणाले.

सगळं थांबलं. मी धावत वर गेले, दांडा काढला, तिला खांद्याला धरून त्या अडीच फुटांत उभी केली. तिनं वाकून पाइपांमधून हात घातला आणि गर्डरवर तळवा टेकवला. कितीतरी वेळ काढला नाही. खाली लोक वर बघत होते, पण कुणी हॉर्न दिला नाही.

"गार आहे," ती म्हणाली.

"सकाळ आहे ना."

"एवढं मोठं आणि किती गप्प असतं." मग तिनं त्याला दोनदा थोपटलं आणि तिकीटखिडकीतल्या आवाजात विचारलं, "एक का दोन?"

उत्तरही तिनंच दिलं. "एक. पलीकडे." आणि मला म्हणाली, "सोड आता, लोक खोळंबलेत."

२५ फेब्रुवारी

उचलला. दोन क्रेन, एक काठावर, एक तराफ्यावर. दोघांनी मिळून तो असा वर नेला की साखळ्या दिसल्या नसत्या तर तो स्वतःच उठला असं वाटलं असतं. पाण्यावर त्याची सावली आधी पोचली. लाल पट्टा नदीकडे. मी तीनदा बघितला, तिन्ही वेळा नदीकडेच होता. खांबावर टेकताना अगदी हलका आवाज झाला, घरात कुणी रात्रीचं दार लोटून घ्यावं तसा.

५ मार्च

उरलेले तीनही बसले. क्रेन काल गेली, चार दिवस उशिरा, पण साहेबांनी ते सांभाळून घेतलं. मधे त्यांनी विचारलं होतं, "उरलेले तुमच्या स्टेशनच्या रस्त्यानं आणायचे ना? डोकं मागे ठेवून चढवा, आता तर कळलंय."

मी म्हटलं, "साहेब, दीड फूट गेलेलाच आहे. आत्याच्या गल्लीनंच आणू."

तिन्ही वेळा आराखड्यात एक थांबा लिहिला होता. कारण विचारलं तर मी "तपासणी" म्हणणार होते. कुणी विचारलं नाही.

आज गवंडी कापलेल्या कडेला गिलावा करून गेला, नवा कठडा बसला. अडीच फुटांत खुर्ची तिरकी मावते. कुंड्या वर आल्या, शिंप्यानं दोन ठेवून घेतल्या. आत्या बसली, टोपली खाली सोडली, गल्लीला दोन-चार प्रश्न विचारले. मी ओलं फडकं घेऊन खडूची रेघ पुसायला वाकले.

"राहू दे गं ती," आत्या म्हणाली. "पुढच्या पुलाला लागली तर?"